विकताना काय येईल? आमच्या दोन गाड्यांचा हिशोब

आमच्या घरात गाडीचा विषय नुसता निघाला तरी बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "विकताना काय येईल?" अजून शोरूमची पायरी चढलेली नसते, लोन किती बसतंय माहीत नसतं, पण दहा वर्षांनी ती गाडी कुणाच्या गळ्यात मारायची आणि कितीला, याची चर्चा कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये चहाबरोबर सुरू झालेली असते. त्यावर दादाचं उत्तरही ठरलेलं, "बाबा, गाडी चालवायला घेतोय, विकायला नाही." या दोन वाक्यांवर आमच्याकडे गेली पंधराएक वर्षं भांडण चालू आहे.

२०२५ च्या दिवाळीत पहिल्यांदा त्या भांडणात आकडे आले, कारण माझी आणि दादाची अशा दोन्ही गाड्या ऑक्टोबरमध्ये, पंधरा दिवसांच्या अंतराने विकल्या गेल्या आणि बाबांच्या धाकामुळे दोन्ही गाड्यांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एकेक डायरी असायची. पेट्रोल भरलं की लिही, टायर बदलला की लिही, पंक्चर काढलं तरी लिही. लहानपणी आम्ही दोघं या प्रकाराला खूप हसलोय. आता पाडव्याच्या दिवशी फराळाचं ताट बाजूला सारून दोन्ही डायऱ्या आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, आई म्हणाली तुम्हा तिघांना सण काय असतो ते कळतच नाही.

माझी आधी सांगते. २०१५ च्या दसऱ्याला घेतलेली पेट्रोल हॅचबॅक, "रिसेलला एक नंबर" म्हणून बाबांनी पसंत केलेली, ऑनरोड (म्हणजे आरटीओ टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून) ६,४०,०००. दहा वर्षांत चालली फक्त ९२,००० किलोमीटर, म्हणजे घर ते हिंजवडी (तेही आठवड्यातले तीनच दिवस), वर्षातून दोनदा कोल्हापूर आणि कधीतरी कोकण. विकली २,३५,००० ला. सर्व्हिसिंग आणि रिपेरिंग मिळून १,४२,०००, टायरचे दोन सेट ३६,०००, दोन बॅटऱ्या ९,५००. म्हणजे मेंटेनन्स १,८७,५०० आणि किमतीत झालेली घट ४,०५,०००.

दादाची गाडी सेकंडहँड. २०१३ पासिंगची डिझेल सेडान, कंपनी अशी की रिसेलचं नाव काढलं की एजंट तोंड वाकडं करायचा. पहिल्या मालकाने नवीन घेतली तेव्हा ऑनरोड साडेनऊ लाख मोजलेले, दादाने २०१७ मध्ये ती ३,६०,००० ला घेतली. चार वर्षांत त्या माणसाचे जवळजवळ सहा लाख उडाले. तेव्हा बाबा म्हणाले होते, "बघ, याला म्हणतात रिसेल." आणि दादा म्हणाला होता, "बघा, याला म्हणतात डिस्काउंट." दादाने ती आठ वर्षं चालवली, १,०४,००० किलोमीटर, आणि विकली १,१०,००० ला. घट अडीच लाख. पण मेंटेनन्स टायर-बॅटरी धरून ३,१२,०००. त्यात एकट्या क्लचच्या कामाचे ४८,००० आणि एसी कॉम्प्रेसरचे २७,०००.

आता घट आणि मेंटेनन्स एकत्र करा. माझे ५,९२,५००, दादाचे ५,६२,०००. किलोमीटरने भागलं तर मला पडले ६ रुपये ४४ पैसे आणि दादाला ५ रुपये ४० पैसे. दादा उडालाच, म्हणाला बघा, सगळ्यात भंगार रिसेलची गाडी आणि तरी स्वस्त पडली. बाबांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता वर्षाने भाग." भागलं. माझे वर्षाला ५९,२५०, त्याचे ७०,२५०. म्हणजे त्याच दोन डायऱ्यांतल्या त्याच आकड्यांवर दोघंही जिंकले आणि भांडण परत जिथल्या तिथे.

मला मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा एक गोष्ट नीट कळली, म्हणून हे सगळं लिहायला बसले. गाडीची किंमत कॅलेंडरवर उतरते. किलोमीटरचा फरक पडतो, पण गाडी फार पळलेली नसली तर तो वयापुढे किरकोळच. २०२० मध्ये माझी गाडी लॉकडाऊनमुळे महिनोन्महिने पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती, एक किलोमीटर चालली नाही, तरी ती एक वर्षाने जुनी झालीच आणि वर बॅटरी गेली ती वेगळी. इन्शुरन्सही वर्षाचा, ऑइल चेंजसुद्धा "१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते", म्हणजे तुम्ही ४,००० चालवली तरी पैसे तेवढेच. उलट टायर, ब्रेकपॅड, क्लच, इंधन ही सगळी चालण्याशी बांधलेली. त्यामुळे ज्याची गाडी वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटरच्या वर जात नाही (आणि पुण्यात अशी माणसं भरपूर आहेत, कारण ट्रॅफिकला कंटाळून शेवटी दुचाकीच काढतात) त्याचा इंधन सोडलं तर सगळ्यात मोठा खर्च घट हाच असतो, आणि ज्याची पंचवीस हजार चालते त्याचा इंधन आणि मेंटेनन्स. बाबा आणि दादा दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, फक्त दोघांच्या गाड्या वेगळ्या आयुष्यात चालत होत्या.

अजून एक. माझ्या दहा वर्षांत पेट्रोल सोडलं (ते साधारण साडेपाच लाखाचं झालं) तर सगळ्यात मोठा आकडा त्या ४,०५,००० चा आहे, पण त्याचं बिल कधी आलंच नाही. त्यामुळे दुखलंही नाही. आणि एका सर्व्हिस सेंटरने ६,००० चं एस्टिमेट देऊन संध्याकाळी १४,२०० चं बिल हातात ठेवलं होतं ते मला आजही तारखेसकट आठवतं! जॉब कार्डवर बघितलं तर इंजिन डीकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, मी विचारलं हे कुणी सांगितलं होतं तर म्हणे मॅडम रेकमेंडेड आहे. तेव्हापासून गाडी सोडतानाच कागदावर लिहून देते, फोन केल्याशिवाय एकही ज्यादा काम करायचं नाही.

ज्या शोरूम हिस्ट्रीसाठी (म्हणजे सगळी सर्व्हिसिंग शोरूमलाच केल्याची नोंद) मी दहा वर्षं हे सगळं सोसलं, रिसेल चांगली येईल म्हणून, तिचं काय झालं ते ऐका. विकायला गेले तेव्हा फाईल घेऊन गेले होते, सगळी बिलं क्रमाने लावलेली. गाडी घेणाऱ्या माणसाने फाईल उघडलीसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण काढून बघितलं, दारांच्या रबराखाली बोट फिरवून पेंट बघितला, टायर बघितले, आणि म्हणाला, "मॅडम, दहा वर्षांच्या गाडीला हिस्ट्री कोण विचारतं, गाडी बोलते." म्हणजे पाचेक वर्षांत विकणार असाल, वॉरंटी चालू असेल, तर शोरूमचे शिक्के कामाचे. त्यानंतर आमच्या दांडेकर पुलाजवळच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेले असते तर लेबर चार्जेसमध्येच बरेच वाचले असते. काकांनी हे मला २०२० मध्येच सांगितलं होतं, पण मी ऐकलं नाही.

दादाच्या बाजूने नुसतं बोलून चालणार नाही, कारण त्याच्या डायरीत न लिहिलेलंही बरंच आहे. एक पार्ट बाहेरून यायचा म्हणून गाडी १९ दिवस गॅरेजला पडून होती, त्या १९ दिवसांचं रिक्षा-कॅबचं भाडं त्याने लिहिलेलं नाही. क्लच गेला तो खंबाटकी घाटात, भर मे महिन्यात, गाडीत वहिनी आणि चार वर्षांची पुतणी. टोइंगचे पैसे लिहिलेत. वहिनी पाडव्याला म्हणाली, "माझे ते चार तास कुठल्या कॉलममध्ये आहेत?" दादा गप्प.

आता रिसेलबद्दल, म्हणजे बाबांच्या लाडक्या विषयाबद्दल. ती तुमच्या हातात असते हा मोठाच गैरसमज आहे. ऑगस्टमध्ये मला माझ्या गाडीचे २,६०,००० मिळत होते. मी म्हटलं गणपती होऊ देत, मग पितृपक्ष लागला, पितृपक्षात कोण व्यवहार करतो, आणि मग २२ सप्टेंबरला, नेमकं घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवीन दर लागू झाले. छोट्या पेट्रोल गाड्यांवर आधी २८ टक्के आणि वर सेस होता तो सरळ १८ वर आला. नवीन गाड्या स्वस्त झाल्या म्हणून सगळे खूश, मीपण खूश, कारण मला नवीन घ्यायचीच होती, आणि मग त्याच माणसाला फोन केला तर म्हणे मॅडम आता २,३५,००० च्या वर जमणार नाही, नवीनच एवढी खाली आलीये तर जुनी कोण घेणार. बरोबरच आहे त्याचं. एका सरकारी निर्णयात माझे २५,००० गेले, आणि त्याला दहा वर्षांची माझी सर्व्हिसिंग काही करू शकली नाही.

डिझेलचंही तेच. दिल्लीत हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, पुण्यात तसा काही नियम नाही, तरी दादाची गाडी बघायला आलेल्या प्रत्येकाने तो विषय काढलाच, उद्या इथेपण आला तर? वर पासिंग २०१३ चं, म्हणजे २०२८ ला पंधरा वर्षं पूर्ण, मग परत रजिस्ट्रेशन, फिटनेस, पाच हजार फी आणि ग्रीन टॅक्स. घेणारा हे सगळं आजच किमतीतून कापतो.

आणि कंपनीच उठून गेली तर? आपल्या तळेगावला शेव्हरोलेचा कारखाना होता. जनरल मोटर्सने २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं बंद केलं आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही थांबलं. २०२१ मध्ये फोर्डने तेच केलं. ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या त्यांची काय चूक? पण याची दुसरी बाजूही पुणेकरांनी बघितलेली आहे. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन, जे लिनिया-पुंटोमध्ये होतं तेच इंडिका व्हिस्टातही होतं, आणि स्विफ्टमध्येही तेच डिझाईन. स्विफ्टला रिसेल होती, लिनियाला नव्हती, इंजिन मात्र एकाच घराण्यातलं आणि बऱ्याच गॅरेजवाल्यांच्या हाताखालून गेलेलं. म्हणजे बाजारभाव ठरतो तो बऱ्याचदा लोगो आणि लोकांच्या भीतीवर, आणि ज्याला बॉनेटच्या खालचं कळतं तो त्या भीतीवर पैसे वाचवतो. बंपर आणि हेडलाइट मिळण्याची बोंब असते ती सहन करायची तयारी हवी, एवढंच.

इन्शुरन्सच्या कागदावरची आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर कंपनी धरते ती किंमत) म्हणजे रिसेल किंमत असं समजणारे आमच्या सोसायटीत निदान चारजण आहेत. तसं नसतं. आयडीव्हीचा तक्ता सगळ्या गाड्यांना सारखा, पहिले सहा महिने ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षापर्यंत ५०, तिथून पुढे कंपनी आणि तुमच्यात ठरेल ते. बाजारात चालणारी गाडी असो की पडेल गाडी, तक्ता तोच, बाजार मात्र तसा वागत नाही. आणि तो एक्सशोरूमवर, म्हणजे आरटीओ टॅक्स आणि इन्शुरन्स धरण्याआधीच्या किमतीवर चालतो. ऑनरोडमधला आरटीओ टॅक्स (पेट्रोल गाडी दहा लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात ११ टक्के, डिझेलला १३) हा शोरूमच्या दारातच सोडून यायचा असतो, तो रिसेलमध्ये कधीच दिसत नाही. आठ लाखांची गाडी म्हणजे ८८,००० तिथेच संपले. नवीन-जुनी तुलना करताना हे मी कधी धरलंच नव्हतं.

एक फायदा मात्र मी पदरात पाडून घेतला. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्समध्ये मिळणारी सूट) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. माझा ५० टक्क्यांवर होता, गाडी विकल्यावर इन्शुरन्स कंपनीकडून पत्र घेतलं, ते तीन वर्षं चालतं, आणि नवीन गाडीच्या ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये तेवढी सूट. दादाला हे माहीत नव्हतं, त्याला पाडव्यालाच फोन करायला लावला. आणि गाडी दिली की मालकी बदलण्याच्या फॉर्म २९, ३० वर सह्या करून मोकळे होऊ नका, आरसी नवीन माणसाच्या नावावर चढली की नाही ते ऑनलाइन बघत राहा, माझ्या गाडीचं सिग्नल तोडल्याचं ई-चलन विकल्यानंतर बारा दिवसांनी माझ्याच मोबाईलवर आलं.

नवीन गाडी शोधताना मग मी जरा वेगळ्या पद्धतीने गेले. पुढे काय भाव येईल याचे अंदाज बांधण्यापेक्षा, आज तीच मॉडेल पाच वर्षं आणि दहा वर्षं जुनी, एमएच बारा आणि चौदा पासिंगची, कितीला विकायला लावलीयेत ते दोन-तीन साइट्सवर बघितलं आणि त्यातून दहाएक टक्के कमी केले, कारण मागितलेले सगळे मिळत नाहीत. मग गॅरेजवाल्या काकांना पाच पार्टची यादी दिली, क्लच सेट, पुढचा हेडलाइट, बाहेरचा आरसा, लोअर आर्म, एसी कॉम्प्रेसर, आणि म्हटलं दोन्ही मॉडेलचे भाव काढून द्या. काका म्हणाले भाव फोनवर मिळतील, पण नाना पेठेत एक चक्कर मार, पार्ट शेल्फवर आहे की "मागवावा लागेल" ते बघ, तोच खरा मेंटेनन्स. गेले. एका गाडीचे पाचपैकी पाच पार्ट समोर काढून ठेवले, दुसऱ्या गाडीचे दोन, बाकी तीनला आठवडाभर.

आरशाचं मुद्दाम सांगते. शनिवार-नारायण पेठेच्या गल्ल्यांमध्ये गाडी घातली की आरसा हा खर्चाचा नियमित आयटम आहे, दहा वर्षांत माझे तीन गेले. जुन्या गाडीचा साधा आरसा होता, नवीन गाड्यांमध्ये त्याच आरशात मोटर, इंडिकेटर, वरच्या व्हेरिएंटला कॅमेरासुद्धा, किंमत विचारून मी खुर्चीवर बसले. टॉप मॉडेलची रिसेल बेसपेक्षा त्या प्रमाणात जास्त येत नाही आणि तुटल्यावर मात्र सगळं टॉपच्या भावात, म्हणून मधलं व्हेरिएंट घेतलं.

डिझेल घेतलंच नाही. बीएस-सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला अधूनमधून हायवेवर सलग पळवून साफ करावं लागतं, आणि माझी गाडी बहुतेक वेळा चांदणी चौकाच्या पुढे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. इलेक्ट्रिकवर वहिनीचा डोळा आहे, बॅटरीला बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी देतात हे खरं, पण आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटचा ठराव तीन मीटिंगा झाल्या तरी अडकलेलाच आहे. ऑटोमॅटिकमध्ये काकांनी एएमटी सांगितली, कारण गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं मशिन करतं, त्यामुळे क्लच प्लेट झिजली तरी काम ओळखीचं. झटके बसतात थोडे. हिंजवडीच्या रांगेत डावा पाय शाबूत राहतोय हे मला पुरे.

शोरूमवाले आता डिसेंबरमध्ये डिलिव्हरी घ्या, डिस्काउंट देतो म्हणून मागे लागलेत. बाबांचं म्हणणं, अजिबात नको, जानेवारीत घे, साल बदलतं, विकताना एक वर्षाने नवीन दिसते. मी म्हटलं बाबा, पासिंग जानेवारीचं असलं तरी गाडी बनली कधी ते आरसीवर छापलेलं असतं, घेणारा तेच बघतो, आणि मी दहा वर्षं वापरणार, तेव्हा २५ ची काय न् २६ ची काय. आजचे ३०,००० घेते. यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरं, पण रंग पांढराच घे हं, पांढरी पटकन विकली जाते."

निळी बुक केलीये. बाबांना अजून सांगितलेलं नाही.